दोन्ही टोकांना दोरी

३ फेब्रुवारी

बाबा,

फोनवर विचारलं तर तुम्ही म्हणालात, कागदावर लिहा. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं आणि मग माणूस "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणायला मोकळा होतो. आपल्यात असं कधी झाल्याचं मला आठवत नाही. पण सासऱ्यांचा शब्द मोडण्याइतका मी अजून जुना जावई झालेलो नाही, म्हणून लिहितोय.

दवाखान्याचं काम मला मिळालं. तोच दुमजली दवाखाना, ज्याची सगळी वायरिंग एकतीस वर्षांपूर्वी तुम्ही केलीत. वरच्या मजल्यावर एक्स-रेचं नवं यंत्र येतंय. त्याला विजेची जाड लाइन हवी, आणि यंत्राने काढलेलं चित्र खाली मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या पडद्यावर दिसायला हवं, म्हणून नेटवर्कची केबल हवी. भिंती फोडायच्या नाहीत, तुमच्या जुन्या पाइपांमधूनच सगळं ओढायचं असं ठरलंय. पंधरा मार्चला इंजिनियर तपासायला येणार. चित्र खाली दिसलं नाही तर यंत्र परत जाईल आणि माझं नावही त्याच्याबरोबर जाईल. माझ्या स्वतःच्या नावावरचं हे पहिलं काम आहे.

धीर एवढाच की पाइप तुमचे आहेत. आपल्या पहिल्या भेटीत चहा यायच्या आत तुम्ही मला सांगितलं होतं, की वायर ओढून झाली तरी पाइपात एक मोकळी दोरी सोडायची, म्हणजे पुढे येणाऱ्याला तिला नवी वायर बांधून ओढता येते. ज्याने दोरी सोडली नाही तो कारागीर नव्हे, आणि त्या दवाखान्यात दोरीशिवायचा एकही पाइप नाही. मी तेव्हा मान डोलावली होती, आता उपयोग झाला.

तरी जिथे दोरी कुजली असेल तिथे काय वापरू? दुकानात पाइपात सरकवायची पोलादी टेप आहे, नायलॉनची आहे, एकमेकींत फिरवून लांब करायच्या फायबरच्या कांड्या आहेत. कुणी म्हणतं, एका टोकाला व्हॅक्युम लावून दुसऱ्या टोकाने प्लास्टिकच्या पिशवीला दोरा बांधून सोडायचा, तो आपोआप ओढला जातो. प्रत्येक दुकानदार आपलंच घोडं पुढे दामटतो, म्हणून तुम्हाला विचारतोय.

एक गोष्ट मनात राहिली आहे, ती लिहूनच टाकतो. गेल्या महिन्यात मी आलो तेव्हा तुम्ही तुमच्या हत्यारांची अख्खी पेटी मला दिलीत, पण चाकाच्या डबीतली ती पोलादी टेप तेवढी काढून ठेवलीत. आणि मागच्या खिडकीला टेकू दिलेला दोन फुटांचा पाइपाचा तुकडा मी सहज मागितला, तर तो माझ्या हातातून काढून घेतलात. भंगारात कुणी घेणार नाही असा तुकडा. चिमी म्हणते, बाबा हल्ली जुन्या वस्तूंना जपतात. जपा, मी काही म्हणत नाही.

तुमचा जावई


९ फेब्रुवारी

जावईबापू,

पत्र पोचलं. अभिनंदन. आता आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. हे काम तुम्ही मागायला गेलात की त्यांनी बोलावलं? बोलावलं असेल तर नेमकं तुम्हालाच का? तिकडे वायरमनचा दुष्काळ पडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. कुणी तुमचं नाव सुचवलं असेल तर तो कोण आणि त्याने माझ्याबद्दल काय काय सांगितलं, ते कळवा.

हत्यारांचं सांगतो. नायलॉनची टेप घ्या. हलकी असते, वळणावर वळते, पाइपातल्या जुन्या वायरांना ओरखडत नाही, आणि चुकून जिवंत तारेला लागली तरी माणूस संध्याकाळी घरी जेवायला येतो. पोलादी टेप घेऊ नका. फायबरच्या कांड्या छताच्या वरच्या पोकळीत छान चालतात, पण पाइपात वळण आलं की सासुरवाडीला आलेल्या जावयासारख्या अडून बसतात. हे तुम्हाला उद्देशून नाही. व्हॅक्युम आणि पिशवी हा पोरखेळ आहे, त्यात पडू नका.

केबलच्या टोकाला जाळीचा मोजा मिळतो तो चढवा. जितकं ओढाल तितका तो आवळतो. चिकटपट्टी गुंडाळून टोकाचा लाडू करून ठेवू नका, तो पहिल्याच वळणात बसेल. कपड्याचा साबण लावू नका, वाळला की त्याचा डिंक होतो आणि पुढच्या माणसाच्या शिव्या खाव्या लागतात. पाइपासाठीचं वेगळं वंगण मिळतं, ते आणा. विजेची वायर ताकदीने ओढलीत तर चालतं. नेटवर्कच्या केबलला मात्र पाण्याची भरलेली बादली उचलायला लागतो त्याहून जास्त जोर नको. जास्त ओढलं तर ती बाहेरून धडधाकट दिसते आणि आतल्या तारांचे पीळ उलगडलेले असतात. मग महिनाभर माणूस यंत्राला दोष देत बसतो. एक जण ढकलेल आणि दुसरा ओढेल, दोघांनी एकमेकांना आवाज देत राहायचं. मुक्याने काम केलं की केबल मरते.

केसपेपरच्या खोलीतून वर जाणारा जो मोकळा पाइप आहे, त्याचा नाद सोडा. त्यात वळणं फार आहेत. तेवढी एक लाइन भिंतीवरून प्लास्टिकची पट्टी मारून न्या, सुटसुटीत होईल.

पोलादी टेप दिली नाही, कारण ती तुम्हाला लागणार नाही. आणि तो तुकडा खिडकीचा टेकू आहे. तो काढला की खिडकी आपटते आणि चिमीच्या आईची दुपारची झोप मोडते. भंगार कशाला म्हणायचं ते ज्याचं त्याला ठरवू द्यावं.

हे पत्र चिमीला दाखवायची गरज नाही. धंद्यातलं बोलणं आहे, तिला त्यात रस नसतो.

बाबा


१७ फेब्रुवारी

बाबा,

पत्र चिमीनेच उघडलं. पाकिटावर तुमचं अक्षर दिसलं की ती माझी वाट बघत नाही. शेवटच्या ओळीवर ती बराच वेळ हसली. शाळेला सुट्टी असते त्या दिवशी तीच माझ्याबरोबर येते आणि वरच्या टोकाला उभी राहते. तुमच्याहून मोठ्याने आवाज देते.

काम त्यांनी तिघांना विचारलं होतं, त्यातून मला दिलं. तुमचं नाव कुणी काढलं नाही. कुणी काढेल अशी तुम्हाला भीती का वाटावी, ते मला कळलं नाही.

आता कौतुक. अकरा पाइप उघडले. अकराही पाइपात दोरी होती, आणि भिंतीतल्या प्रत्येक डब्याच्या झाकणामागे पेन्सिलीने तुमच्या अक्षरात नंबर आणि तारीख. दोरीला विजेची वायर बांधली, चिमीने वरून हाक दिली, मी खालून सोडत गेलो, आणि पाण्यातून मासा जावा तशी वायर वर गेली. डॉक्टरीणबाई बघायला थांबल्या होत्या. म्हणाल्या, असं काम हल्ली होत नाही. मी तुमचं नाव सांगितलं. छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

बारावा पाइप केसपेपरच्या खोलीतला. मी तुम्हाला त्याच्याबद्दल विचारलंच नव्हतं, बाबा. तुम्हीच आपणहून लिहिलंत. तरी भिंतीवरून पट्टी मारायचं विचारून पाहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भिंतीला छतापर्यंत फरशी आहे, रोज औषध टाकून धुतात, तिच्यावर काहीही चिकटवायचं नाही. विजेच्या पाइपातून नेटवर्कची केबल न्यायची नसते, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणजे राहिला हाच एक.

झाकण उघडलं. दोरी होती. वरच्या डब्यातही होती. खालच्या दोरीला केबल बांधली आणि चिमीला ओढ म्हटलं. तिने ओढलं आणि दोरी तिच्या हातात आली. वीतभर. तिच्या आतल्या टोकाला चिंधीचा बोळा बांधलेला. मग मी खालची ओढली. तीही वीतभर, तिलाही बोळा.

दोरी तुटली असती तर टोकाला तंतू सुटले असते. या टोकांना गाठी आहेत. गाठ दोनदा फिरवून खाली घेतलेली आहे, तुम्ही घेता तशी.

नायलॉनची टेप घातली. थोडी गेली आणि आतल्या आत गुंडाळी होऊन बसली. ती वळणावर अडली की कशावर, ते ती सांगत नाही. म्हणून पुन्हा विचारतो: तुमची पोलादी टेप पाठवाल का? आणि तुमच्यानंतर त्या पाइपाला कुणी हात लावला होता का?

आज उत्तराची वाट बघतोय असं लिहिणार होतो. तुम्ही उत्तर द्याल की नाही याची मला शंका आहे, म्हणून लिहीत नाही.

तुमचा जावई


२२ फेब्रुवारी

जावईबापू,

उत्तर देतोय. शंका मागे घ्या.

बोळा धुळीसाठी असतो. रिकाम्या पाइपात धूळ, झुरळं, सगळं जातं. दोरी एकतीस वर्षांची, उंदरांनी खाल्ली असेल. उंदीर गाठी मारत नाहीत असं तुम्ही म्हणाल. तुम्हाला हल्ली पुढचं सगळं आधीच सुचतं.

मला एक सांगा, तुम्ही तिथे तुमचं काम करायला गेलात की माझं तपासायला? अकरा पाइप सरळ निघाले त्याचं कौतुक दोन ओळी, आणि बाराव्यासाठी अर्धं पत्र. माझ्या गाठी ओळखण्याइतकं बारीक बघायला मी तुम्हाला शिकवलं, आता ते तुम्ही माझ्यावरच वापरताय. चांगलं आहे.

पोलादी टेप गंजली होती, टाकून दिली. नवी विकत आणू नका, हल्लीच्या टेपांत पूर्वीचं पोलाद नसतं, मध्येच तुटते आणि पाइप कायमचा बंद. व्हॅक्युमही लावू नका. आतला सिमेंटचा चुरा यंत्रात जाईल आणि दवाखान्याच्या माणसांना तुम्ही काय उत्तर देणार? त्यापेक्षा इमारतीच्या बाहेरून, मागच्या बाजूने केबल न्या. उन्हापावसासाठी वेगळी केबल मिळते. लांब पडेल, पण डोकेदुखी संपेल.

चिमीला त्या भिंतीपाशी उभी करू नका. लहानपणी तिला धुळीने खोकला व्हायचा.

बाबा


४ मार्च

बाबा,

दहा दिवस लिहिलं नाही, कारण राग आला होता आणि रागात लिहिलेलं कागदावर राहतं. तुमचंच वाक्य.

बाहेरून केबल नेण्याचं विचारलं. मागची भिंत शेजाऱ्यांची आहे, ते परवानगी देत नाहीत. मग मी पोलादी टेप विकत आणली. नवीच, हल्लीच्या पोलादाची. तिच्यावर फुटांच्या खुणा असतात. खालून घातली, एकोणीस फुटांवर ठक्क करून थांबली. वरून घातली, अकरा फुटांवर थांबली. मग भिंतीवरून पाइपाचा मार्ग मोजला. बत्तीस. एकोणीस आणि अकरा तीस. मधले दोन फूट कुठे गेले?

व्हॅक्युमही लावला. पिशवीला दोरा बांधून खाली धरली. पाइप अखंड असता तर पिशवी सुर्रकन वर गेली असती. ती हललीसुद्धा नाही.

मग तुमची पत्रं समोर ठेवली आणि तुम्ही नको म्हटलेल्या गोष्टींवर बोट ठेवत गेलो. पोलादी टेप नको, व्हॅक्युम नको, या पाइपाचा नाद नको, चिमी भिंतीपाशी नको. बाबा, तुम्ही जी जी हत्यारं वापरू नका म्हणालात, ती सगळी एकच गोष्ट सांगणारी आहेत. आणि जे वापरा म्हणालात, तेवढंच एक गप्प बसणारं. तुम्ही मला हत्यार सुचवलं नाहीत, तुम्ही मला चुकवलंत. आणि पोलादी टेप गंजलेली नाही. चिमी म्हणते, ती दागिन्यासारखी लपवून ठेवलेली आहे, कपाटाच्या वरच्या फळीवर, तेल लावून, फडक्यात.

चार दिवस मी तुमच्यावर भयंकर चिडलेलो होतो. मग त्या झाकणामागे पुन्हा पाहिलं. तारखेच्या आकड्यावर गंज चढलाय, पण महिना आणि साल वाचता येतं. मार्च. आणि साल चिमीचं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चिमीच्या वाढदिवसाला तुम्ही दरवर्षी सांगता, की निरोप आला आणि मी हातातलं काम टाकून, पक्कडसुद्धा खाली न ठेवता धावत आलो. तेच हे काम, हो ना? अर्धा पाइप टाकून तुम्ही धावलात, मागे गवंड्याने भिंत लिंपून टाकली, आणि परत येईपर्यंत उशीर झाला होता.

तसं असेल तर मला काही विचारायचं नाही. माझी बायको जन्मली त्या दिवशी दोन फूट कमी पडले, तर ते मी सोसायला हवेत. डॉक्टरीणबाईंकडून तेवढीच भिंत फोडायची परवानगी घेतोय. इंजिनियरला सांगितलंय की मध्ये कधीतरी दुसऱ्या कुणा वायरमनने दुरुस्ती करताना पाइप तोडला असावा. तुमचं नाव कुठे येणार नाही.

चिमीला हे सांगितलं. ती तर खूश आहे. म्हणाली, बघ, माझ्यासाठी बाबांनी आयुष्यात एकदाच काम अर्धं सोडलं.

तुमचा जावई


८ मार्च

जावईबापू,

तुमचं पत्र चिमीच्या आईने मोठ्याने वाचलं, कारण माझा चष्मा सापडत नव्हता. चष्मा खिशात होता. वाढदिवसाच्या मजकुरापर्यंत आली, थांबली, म्हणाली, "तारीख चुकतेय. ती भिंत तुम्ही कामावर परत गेल्यावर लिंपली." आणि पत्र माझ्या मांडीवर ठेवून आत गेली. म्हणजे तिला एकतीस वर्षं ठाऊक होतं. ती कधी बोलली नाही, हे मला आता जास्त लागतंय.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी इतकी वर्षं मूठ झाकून बसलो, हात अवघडून गेला. तुम्ही पाठवलेली सबब फार चांगली आहे. दोन दिवस मी ती घ्यायची ठरवलं होतं. पण ती माझी नाही.

चिमी सव्वीस मार्चला जन्मली. मी धावत आलो ते खरं, पक्कड हातात होती तेही खरं. त्या दिवशी तिथे नुसते डबे बसवायचं काम चाललं होतं, माझ्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं. एकोणतीसला मी कामावर परत गेलो. गंजाखाली जो आकडा आहे, तो तीस आहे. तीस तारखेला कुणी जन्मलं नाही, कुणी आजारी नव्हतं, मला कुठे जायचं नव्हतं.

बीमच्या खाली दोन फुटांचा तुकडा बसवायचा राहिला होता. कापून तयार होता. तिथली खाच छिन्नीने थोडी खोल करायला हवी होती, अर्ध्या तासाचं काम. मला कंटाळा आला होता, म्हणून मी चहाला बसलो. तेवढ्यात गवंडी पाटी घेऊन आला आणि मुकादमाने चार माणसांसमोर विचारलं, "या भिंतीचं झालं का?" सगळ्यांत आधी माझं काम पुरं होतं अशी माझी ख्याती होती. "नाही झालं" म्हणायची लाज वाटली. म्हटलं, "झालं, लिंपा." संध्याकाळी सांगू असं ठरवलं होतं. संध्याकाळी मुकादमाने माझ्या वेगाची स्तुती केली आणि मग सांगणं राहूनच गेलं. पाइप मोकळा होता, पुढे कधी लागला तर लागेल म्हणून घातलेला. रिकामा पाइप कोण बघणार?

तपासणीच्या आदल्या दिवशी दोन बोळे केले, दोन दोऱ्या बांधल्या. जरा ओढून पाहिलं तरी हाताला घट्ट लागाव्यात, इतपत विचार केला होता. पाइप जोडायला अर्धा तास नव्हता, खोटी दोरी बांधायला होता. तपासणीला आलेल्या साहेबांनी खाली पाहिलं, वर पाहिलं, दोन्हीकडे दोरी. "वा" म्हणाले आणि सही केली. त्यानंतर आयुष्यभर मी दोरीवर प्रवचनं दिली. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

तुमचं खरं आहे, मी तुम्हाला चुकवलं. नायलॉनची टेप अडली की माणूस टेपला नावं ठेवतो. पोलादी अडली की तो फूट मोजतो. हे मला माहीत होतं, म्हणूनच तसं लिहिलं. पाइपाचं खोटं मुकादमाशी आणि साहेबांशी होतं, ते दोघं गेले. हत्यारांचं खोटं मी तुमच्याशी बोललो, तुमचं पहिलं काम पणाला लागलेलं असताना. त्याची मला लाज वाटते. असं कुणाला लिहायची मला सवय नाही, म्हणून एकदाच लिहितो.

इंजिनियरला सांगितलेली थाप मागे घ्या. ज्याने तिथे पाऊल ठेवलं नाही अशा कुणा वायरमनच्या डोक्यावर माझं पाप नको. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगतो. डॉक्टरीणबाईंना तर मीच सांगणार आहे. मंगळवारच्या गाडीने येतोय. पोलादी टेप आणतो. तो तुकडाही आणतो. कोणता, ते तुम्हाला आता कळलं असेल. चिमीच्या आईने खिडकीला लाटणं लावलंय.

चिमीला काही सांगू नका. ती खूश आहे तर राहू द्या. नाही, तसं नको. तिला मीच सांगेन. मंगळवारपर्यंत तेवढं सांभाळा.

बाबा


१३ मार्च

जावईबापू,

गाडी वेळेवर पोचली. गुडघे माझ्यानंतर दोन तासांनी पोचले.

तुकडा सूतभरही कमीजास्त निघाला नाही. त्याचा आनंद मानावा की लाज वाटून घ्यावी, ते ठरत नाही. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या मनात काय होतं ते तुम्हाला कळलं असेल तर लपवू नका.

लिंपण पुरतं वाळल्याशिवाय फरशी लावू देऊ नका. गवंडी "वाळलं" म्हणेल. हात लावून बघा. गवंडी कधी काय म्हणतात त्यावर माझा विश्वास नाही, आणि वायरमन काय म्हणतात त्यावर तर तुमचाही नसावा.

निघताना पाहिलं, झाकणामागे तुम्ही "दोरी आहे" असं लिहिलंय. ते खोडा. दोरी दिसते म्हणजे दोरी आहे असं नव्हे. आरपार ओढून बघा आणि मग "ओढून पाहिली" असं लिहा.

पोलादी टेप तुमच्या पेटीत ठेवली आहे. मी ती विसरलेलो नाही, मुद्दाम ठेवली आहे. म्हातारा विसरायला लागला असं चिमीला सांगू नका.

चिमीबद्दल. तिला स्टँडवर सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, माझी पिशवी गाडीत चढवून दिली आणि निघून गेली. वळून पाहिलं नाही. ती रागावली आहे की रडू आवरत होती, तेवढं कळवा. तिला विचारू नका, नुसतं बघून कळवा. दरवर्षी सव्वीसला मी तिकडे येतो. या वर्षी येऊ की नको, ते मला तिच्याकडून समजायला हवं. तुम्ही आपल्या मनाने "या" लिहाल, त्याचा उपयोग नाही.

बाबा


१६ मार्च

बाबा,

नुसतं बघून कळवणं मला जमलं नाही. तुमचं पत्र तिनेच उघडलं.

काल तपासणी झाली. इंजिनियरना खरं काय ते मी आधीच सांगितलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं की आता नीट आहे ना. मग त्यांनी खालच्या डब्याचं झाकण उघडलं, केबल पाहिली, दोरी पाहिली. वर गेले, तिथेही केबल आणि दोरी पाहिली. खाली येऊन पेन काढलं. मी म्हटलं, "साहेब, सही करू नका. दोरी ओढून बघा." ते म्हणाले, "दोन्हीकडे दिसतेय की." मी म्हटलं, "म्हणूनच."

त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. मग वाकून दोरी धरली आणि ओढली. वर चिमी उभी होती, दोरीचं टोक तिच्या हातात होतं. ती वरून ओरडली, "सरकली." इंजिनियरनी आणखी ओढली. ती पुन्हा ओरडली, "सरकतेय, थांबा, सगळी न्याल." सगळा दवाखाना हसला. यंत्र बसवणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताचा एक्स-रे काढला, आणि खाली पडद्यावर पाचही बोटं न अडखळता आली. सही झाली.

डॉक्टरीणबाईंच्या मनात काय होतं ते कळलं. त्यांनी मला विचारलं, तुमचे सासरे पुन्हा कधी येतील, नव्या खोल्यांचं काम काढायचं आहे आणि आपली चूक सांगायला गुडघे धरत जिना चढून येणारा माणूस त्यांना देखरेखीला हवा आहे. मी म्हटलं, विचारून सांगतो. तुम्ही यात काही डाव शोधाल, शोधा.

झाकणामागे "दोरी आहे" खोडलं. "ओढून पाहिली" लिहिलं, तारीख घातली, तीही ठळक. खाली चिमीला जागा सोडतो.

तुमचा जावई

बाबा, स्टँडवर मी रागावलेच होते, रडू वगैरे काही आवरत नव्हते. दरवर्षी मी ती गोष्ट मैत्रिणींना सांगत आले, आणि ह्यांनी पाइपाचं सांगितलं तेव्हा शेजारणीलाही सांगून आले होते. तिच्यासमोर माझं तोंड काय राहिलं, याचा विचार करा. मग घरी येऊन आईला फोन केला. तुमच्या नुसत्या शब्दावर आता काही दिवस मी विश्वास ठेवणार नाही, म्हणून तिला विचारून घेतलं, की सव्वीसला तरी तुम्ही खरंच धावत आला होतात का. ती म्हणाली, आला होतात, पक्कड हातात होती आणि मला घ्यायला ती खाली ठेवायचंही तुम्हाला सुचलं नव्हतं. तेवढं मी ठेवून घेतलं.

सव्वीसला या. सव्वीस तारखेची गोष्ट मी सांगेन. तीस तारखेची तुम्ही सांगायची, सगळ्यांसमोर. शेजारणीलाही बोलावलंय.

चिमी